पण नववीचं काय?

...नाही, विचारायला माझी हरकत नाही, देवानं तोंड दिलंय, माणसानं विचारावं, पण प्रत्येकानं तेच विचारावं? तुम्हाला सांगते, तीन वर्षं आमच्या घरातली एक चांगली बातमी लोकांनी धड गिळू दिली नाही. मुलगी दहावी पास झाली... छान छान, पण नववीचं काय? अकरावीत पहिल्या पाचात आली... अरे वा, पण नववीचं काय? बारावीच्या सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी... हो हो, आनंद आहे, पण नववीचं काय? अहो, नववीचं काय म्हणजे काय? झाली नववी. होऊन गेली. आता काय तिला पोत्यात घालून नदीत सोडायची?

तुम्ही म्हणाल, कोण मुलगी, कसली नववी. सांगते. माझ्या ताईची मुलगी. नाव चांगलं ठेवलंय तिचं, पण ते हजेरीपटापुरतं. बाकी सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण तिला बसलेली कुणी पाहिलीच नाही. जेवण उभ्यानं, दात घासणं जिन्यात, केस विंचरणं या खोलीतून त्या खोलीत जाता जाता. ताई-भाऊजी वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली माझं पार्लर, म्हणजे वर ही चालायला लागली की इथे माझा छताचा पंखा डुलतो, पंखा डुलला की गिऱ्हाईक वर बघतं, आणि गिऱ्हाईकानं वर बघितलं की माझ्या हातून भुवई वाकडी होते, आणि बोलणी कुणाला? मला. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. ताई एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घेते, पेशंटना वेळा देते. आणि भाऊजींची आई, तिला आम्ही सगळेच आजी म्हणतो, ती काय करते विचाराल तर सांगेल, घर चालवते, आणि ते अगदीच खोटं नाही.

तर नववी. नववीत झालं काय? काही नाही. तेच तर दुखणं आहे, काहीच झालं नाही. आजारपण नाही, घर बदललं नाही, आईबापांचं भांडण नाही, म्हणजे होतं, पण रोजचंच. शाळेत तळमजल्याला एक जिना आहे, पायऱ्यांमध्ये फटी असलेला, त्याच्या खाली बसलं की वरून उतरणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. आमची ही आणि हिच्या दोन जिवलग मैत्रिणी, तुम्हाला सांगते, वर्षभर त्या जिन्याखाली बसल्या आणि चपलांवरून माणसं ओळखली. मुख्याध्यापिका डावी टाच जास्त झिजवतात. खेळाच्या सरांना बुटाची नाडी बांधता येत नाही, ते ती आत कोंबतात. अशी सगळी विद्या. शाळेत बसली नाही म्हणणारे लोक खोटं बोलतात, बसली होती, जन्मात पहिल्यांदाच बसली होती, फक्त जिन्याखाली.

निकाल लागला. गणितात एकतीस. विज्ञानात त्याहून दोन जास्त, ते बहुधा दयेपोटी. दोन्हीत नापास, पण शाळेनं कशीबशी दहावीत ढकलली. ताई रडली. आजी म्हणाली, "रडतेस काय, तुला तरी कुठे पडायचे?" त्यावर ताई आणखी रडली. भाऊजी काही बोलले नाहीत. भाऊजी बोलत नाहीत हे आमच्याकडे रागावण्यापेक्षा वाईट समजतात. सुट्टी लागली तशी म्हणाले, "चल माझ्याबरोबर कामाला. घरात राहिलीस तर फरशी झिजेल."

तर ही गेली. एका सहा मजली इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक बाई आणि तिचा कुत्रा, आणि दोघंही एकाच सुरात ओरडतायत. भाऊजींनी वर यंत्राच्या खोलीत जाऊन लिफ्ट हळूहळू मजल्याला आणली, दार उघडलं, बाई बाहेर आली, कुत्रा भाऊजींना चावायला धावला, ते सोडा. भिंगरी वर बॅटरी धरून उभी होती. तिनं तिथं पाहिलं की लिफ्ट दोरांना टांगलेली असते आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या लाद्यांचं ओझं. लिफ्ट वर, ओझं खाली. ओझं वर, लिफ्ट खाली. आणि ही पोर, जी जेवायला बसत नाही, ती अर्धा तास एका जागी उभी राहून ते बघत होती.

म्हणाली, "बाबा, ते ओझं किती ठेवायचं हे कोण ठरवतं?"

"इंजिनियर."

"कसं ठरवतो?"

"हिशोब करून."

"मला येईल?"

भाऊजी दोर पुसत होते. म्हणाले, "गणित लागतं त्याला."

"किती?"

"तुला पडले त्याहून जास्त."

झालं. एवढंच. माझी ताई वर्षभर घसा फोडत होती त्यानं काही झालं नाही, आणि भाऊजींच्या एका वाक्यानं पोरगी घरी आली ती न जेवता गणिताचं पुस्तक घेऊन गरगर फिरायला लागली. माझा पंखा दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली आली, माझ्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसली... बसली, मी घाबरलेच... आणि म्हणाली, "मावशी, मला यातलं काही कळत नाही. म्हणजे कुठून कळत नाही तेच कळत नाही."

शाळा उघडल्यावर गेली गणिताच्या बाईंकडे. या बाईंना मुलं दोन-चष्मे म्हणतात, कारण एक नाकावर असतो, एक डोक्यावर, आणि तिसरा त्या शोधत असतात. बाईंनी काही विचारलं नाही. कागदावर लिहून दिलं, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, कर. हिनं केलं. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, उत्तर तीन सप्तमांश. बाईंनी आधी नाकावरच्या चष्म्यातून बघितलं, मग डोक्यावरचा काढून त्यातून बघितलं. दोन्हीतून तेच दिसलं.

"अगं," म्हणाल्या, "तू दहावीत अडलेली नाहीस. नववीतही नाही. तू सातवीत अडली आहेस."

आणि ही फटकळ. "मग सातवीत जाऊन बसू का?"

तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? उद्धट आहे कार्टी, म्हटलं असतं. बाई म्हणाल्या, "बस. तुमचा चित्रकलेचा तास असतो ना, तेव्हा माझा सातवीवर असतो. मी चित्रकलेच्या सरांशी बोलते."

आणि बोलल्या हो. सर म्हणाले, न्या, तशीही ती नुसती चपलांचीच चित्रं काढते.

आता डोळ्यांपुढे आणा. सातवीचा वर्ग. एवढाली एवढाली पोरं. शेवटच्या बाकावर आमची ही, ताडमाड, गुडघे बाकात मावेनात, ते दोन्ही बाजूंनी बाहेर. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी, हिच्या खांद्याला लागेल एवढी, आणि तिनं पहिल्याच दिवसापासून हिचा ताबा घेतलेला. "ताई, आधी छेद सारखे कर." "ताई, परत विसरलीस?" "ताई, कितीदा सांगायचं गं तुला?" आणि मधली सुट्टी झाली की दहावीची मुलं दाराशी. "काय गं, आठवीत कधी येणार?" "डबा आईनं भरवला का?" एकानं तर खिडकीतून रंगीत पेन्सिलींची पेटी टाकली. ही घरी आली की बोलायची नाही, नुसती चालायची. मी खाली पंख्यावरून ओळखायचे, आज पेन्सिली टाकल्या, आज नुसतंच हसले, आज काही नाही.

आणि लोक? लोकांना काय, आमच्या पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई आरशातून मला विचारणार. "सातवीत बसवलंय म्हणे? मग त्या नववीचं काय?" अहो, सातवी नीट झाल्याशिवाय नववीचं काय होणार? पण नाही. माणसाला शिडी दिसत नाही, पडलेला तेवढा दिसतो.

एक दिवस तिला झालं असह्य. चित्रकलेचा तास लागला तरी ती सातवीत गेली नाही. गेली कुठे? जिन्याखाली. पण तिथे आता कुणी नव्हतं. दोघींपैकी एकीनं शाळा बदलली होती, दुसरीनं मैत्रिणी बदलल्या होत्या. ही एकटीच बसली फटीतून पाय बघत. मला नंतर सांगत होती, म्हणाली, "मावशी, तेच पाय गं. वर्षभरापूर्वी बघितलेले तेच. सगळे कुठे ना कुठे चालले होते." मी म्हटलं, मग? म्हणाली, "मग रडू आलं."

तेवढ्यात वरून दोन छोटे बूट टणाटण उतरले, जिन्याला वळसा घालून समोर येऊन थांबले, आणि दोन वेण्या खाली वाकल्या. "ताई, बाई बोलावतायत. फळ्यावर तुझी पाळी आहे. आणि तुझं आलं नाही तर माझ्या ओळीचे गुण जाणार आहेत, मी आधीच सांगून ठेवते."

आता या माणसाला कोण नाही म्हणणार? ही उठली. गेली. फळ्यावर केलं, छेद सारखे करून केलं, बरोबर आलं, आणि सातवीच्या वर्गानं टाळ्या पिटल्या. टाळ्या, तुम्हाला सांगते, दहावीच्या मुलीला अपूर्णांकांच्या बेरजेबद्दल. आमच्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं ऐकून. आजी म्हणाली, "हिला रडायला कारण लागत नाही."

सहामाहीपर्यंत सातवी झाली. मग बाईंनी तिला आठवीत बसवलं, तिथून पुढे संध्याकाळी स्वतःच्या घरी नववीचं पुस्तक. दहावीचं चालूच. म्हणजे एकाच वर्षात चार इयत्ता, चार मजले म्हणा. आणि दहावीला गणितात अडुसष्ट. नव्वद नाहीत, अठ्ठ्याण्णव नाहीत, अडुसष्ट, पण अडुसष्टच्या अडुसष्ट तिचे. भाऊजींनी निकालपत्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "हं." आमच्याकडे भाऊजींचं हं म्हणजे इतरांकडची मिरवणूक.

अकरावी गेली, बारावी आली, गुण चढत राहिले, आणि मग निघाला कॉलेजचा विषय. शाळेत एक मार्गदर्शनाच्या बाई आहेत. फार गोड बोलणं, इतकं गोड की वाईट बातमी कळायला दोन मिनिटं जास्त लागतात. ताई, भाऊजी, भिंगरी तिघं समोर बसलेली. म्हणजे दोघं बसलेली. बाई म्हणाल्या, "बघाऽ, मुलगी गुणाची आहे. आलेख कसा छान चढता आहे. फक्त काय आहेऽ, ही इंजिनियरिंगची कॉलेजं नववी ते बारावी, चारही वर्षांची सरासरी धरतात. तेव्हा प्रश्न एवढाच येतो, की नववीचं काय?"

घ्या. यांनाही तोच रोग.

भाऊजी म्हणाले, "लिफ्ट तळघरातून निघाली म्हणून गच्चीवर पोचत नाही का?"

"पोचते नाऽ," बाई म्हणाल्या, "पण तळघरात का होती ते त्यांना लिहून द्यावं लागतं. काही कारण आहे का? आजारपण वगैरे? घरात कुणी... गेलं वगैरे?" आणि असं आशेनं बघितलं की आपल्याकडे कुणी गेलं नाही याची ताईला लाज वाटली.

त्या रविवारी घरात सभा भरली. विषय, कारण. मला पार्लर बंद करून वर बोलावलं. ताईनं सुरुवात केली, "मी डॉक्टरांना सांगून दाढेचं सर्टिफिकेट आणू शकते." मी म्हटलं, "ताई, वर्षभर एक दाढ दुखली? उरलेले एकतीस दात काय करत होते?" भाऊजी म्हणाले, "मी एकदा शिडीवरून पडलो होतो." "बाबा, ते पाचवीत." "मग मागे-पुढे होतं गं तारखांचं." आणि आजी आरामखुर्चीतून म्हणाली, "माझं नाव लावा. मी आजारी होते म्हणा."

"आजी, तू त्या वर्षी सहलीला गेली होतीस."

"मग मी मेले म्हणा."

ताईनं हातातला चहा खाली ठेवला.

"अहो आई, तुम्ही जिवंत आहात," ताई म्हणाली.

"ते कुठे बघायला येणार आहेत? आणि आलेच तर मी आतल्या खोलीत बसेन. नातीच्या शिक्षणासाठी एवढंही करू नये माणसानं?"

बरं, ती थट्टा करत नव्हती हो. खरंच तयार होती. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, एक क्षण आम्ही सगळ्यांनी विचारही केला. भाऊजी तर म्हणाले, दूरची आजी म्हटलं तर?

भिंगरी तेव्हा खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होती. ती थांबली. म्हणाली, "मी सातवीत बसले ते काय आजीला मारण्यासाठी? नववीत मी अभ्यास केला नाही. मजा येत होती म्हणून केला नाही. तेच लिहिणार."

ताई म्हणाली, "अगं, असं कुणी लिहितं का? तुला घेणार नाहीत."

"मग नाही घेणार. पण खोट्यावर घेतलं आणि आत गेल्यावर काही आलं नाही, तर तेव्हा कोण मरणार?"

आजीनं यावर हात वर केला, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

तर तिनं लिहिलं. अर्धं पान. नववीत माझ्यावर कोणतंही संकट आलं नव्हतं, मी अभ्यास केला नाही. दहावीत मी सातवीच्या वर्गात जाऊन बसले. आता मला येतं. मार्गदर्शनाच्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "फारच खरं आहे होऽ हे." तीन कॉलेजांना पाठवलं. सगळ्यात मोठ्या कॉलेजानं आठवड्यात नकार कळवला. दुसऱ्यानं सांगितलं, जागा उरली तर कळवू. तिसऱ्यानं भेटायला बोलावलं.

तिथे लांब टेबलामागे तिघं. मधले गृहस्थ टक्कल असलेले, आणि त्यांच्या हातात तिची गुणपत्रकं. बाकी दोघांनी लिफ्टचं विचारलं, ओझ्याचं विचारलं, ही भराभरा बोलली, उभं राहून आकृती काढून दाखवली. मधले नुसते पानं उलटत होते. आणि शेवटी, तुम्ही ओळखलंच असेल, चष्मा वर करून म्हणाले, "हे सगळं ठीक. पण नववीचं काय?"

ही म्हणाली, "लिहिलंय मी."

"वाचलं. सातवीच्या वर्गात काय शिकलात?"

"छेद सारखे केल्याशिवाय बेरीज करायची नाही."

ते हसले. "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

"मलाही माहीत होतं, सर. येत नव्हतं."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ताईनं कपाळावर हात मारला, म्हणाली, उलट उत्तर दिलंस, गेलं कॉलेज. भाऊजी म्हणाले, "हं." पण हे कुठलं हं होतं ते आम्हाला कळलं नाही, कारण त्यांची दोनच आहेत आणि ती सारखीच ऐकू येतात.

मग वाट बघणं. वाट बघणं म्हणजे काय ते मला विचारा. ती वर चालतेय, मी खाली कापतेय. एका बाईंचे केस खांद्यापर्यंत कापायचे ते कानापर्यंत आले, मी म्हटलं, हीच फॅशन आहे. ताईनं दवाखान्यात दोघांना एकच वेळ दिली आणि ते दोघं घटस्फोटित नवरा-बायको निघाले. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, माझं ऐकलं असतं तर आत्तापर्यंत झालं असतं. आणि लोक येतच होते, विचारतच होते, आणि भिंगरी प्रत्येकाला तेच सांगत होती, नववीत मी अभ्यास केला नाही. लोकांना ते आवडायचं नाही. लोकांना काहीतरी घडलेलं लागतं हो. काही न घडता मुलगी नापास होते आणि काही न घडता उठून उभी राहते, यात गप्पा मारायला काय उरतं?

आणि परवा आलं. घेतलं तिला. तिसऱ्या कॉलेजानं. भिंगरी जिन्यातून धावत खाली आली, पार्लरमध्ये मी एका बाईंच्या केसांना मेंदी... नाही, रंग लावत होते, ती मला मिठी मारून उभी राहिली आणि रंग तिघींना लागला. भाऊजींना फोन केला तर ते कुठल्या तरी लिफ्टच्या माथ्यावर होते, नीट ऐकू येईना. ही ओरडून सांगतेय, "बाबा, घेतलं मला," आणि पलीकडून नुसता वारा. मग म्हणाले, "परत सांग." हिनं परत सांगितलं. म्हणाले, "परत सांग." तिसऱ्यांदा सांगितल्यावर तिला कळलं की बाबांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

मला वाटलं, सुटलो. संपलं एकदाचं. आता कोण काय विचारणार?

काल सकाळी दार उघडते न उघडते तोच समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई आत. खुर्चीत बसल्या, टॉवेल गळ्याभोवती घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "ऐकलं भिंगरीचं. फार बरं वाटलं. एक विचारायचं होतं. ही कॉलेजं म्हणे चढता आलेख बघतात?"

म्हटलं, "हो."

"त्याचंच टेन्शन आलंय हो," म्हणाल्या, "आमच्या मुलीला नववीतच ब्याण्णव टक्के पडलेत. आता ती चढणार कुठून?"

मी म्हटलं, "डोकं मागे टेका. पाणी कोमट चालेल ना?"